शेख शबाना शेख र

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरनं माही एक बाई गिळली."

फोनवर नजमा बाजी होत्या. बार्शीटाकळी तालुक्यात एक संस्था बायकांच्या स्तनांच्या तपासणीची शिबिरं घेते, त्या शिबिरांचं गावातलं सगळं काम बाजी बघतात. बायकांना घरातून बाहेर काढणं, रांगेत बसवणं, फॉर्म भरणं, नंतर रिपोर्ट पोचवणं. एक्स-रेची गाडी गावात येते, फोटो निघतात, ते इंटरनेटवरून आमच्या सर्व्हरवर येतात. अकोल्यातल्या डॉक्टर मॅडम ते स्क्रीनवर बघून रिपोर्ट देतात. मधलं सॉफ्टवेअर आमचं. आमचं म्हणजे अमरावतीतल्या अकरा जणांच्या कंपनीचं, आणि त्यातलं फोटोचं काम करणारा भाग माझा.

"कोणती बाई, बाजी?"

"शबाना. शेख शबाना. चार महिने झाले फोटो काढून. आता तिच्या छातीतली गाठ हाताले लागून राहिली. म्या म्हटलं रिपोर्ट काढा, तं तिचा रिपोर्टच नाही."

मी शोधलं. "आहे की. नॉर्मल आहे."

"ते मोठी शबाना. मी छोटीचं म्हणून राहिली."

त्या घरात दोन भाऊ, रहीम आणि रशीद. दोघांच्या बायकांचं नाव शबाना; रहीमची मोठी, रशीदची छोटी. घर एक, मोबाइल एक. शिबिराच्या दिवशी दोघी एकामागे एक उभ्या होत्या. मी म्हटलं, छोटीचा फॉर्म भरायचा राहिला असेल.

"मी सोता लिहिलं, ताई. रजिस्टर हातात हाय माह्या. सतरा नंबर शेख शबाना शेख रहीम, अठरा नंबर शेख शबाना शेख रशीद. वाचून दाखवू का आनखी?"

वाचून दाखवायची गरज नव्हती. बाजी रजिस्टर कसं लिहितात ते मी पाहिलं होतं. मी म्हटलं, तासाभरात सांगते.

पुढचं समजायला आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल.

आमचा सर्व्हर जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट मुळात एकाच धाग्यावर चालते. धागा, म्हणजे थ्रेड, हा खिडकीवर बसलेला एकटा कारकून समजा. छोटी कामं तो भराभर उरकतो. पण त्याच्यापुढे एक्स-रेचा मोठा फोटो टाकून "हा साफ कर, उजेड नीट कर" म्हटलं, तर तेवढा वेळ खिडकी बंद. मागची सगळी रांग ताटकळते. म्हणून जड काम आतल्या खोलीत पाठवायचं. आतल्या खोलीत दुसरे हात बसलेले असतात, त्यांना वर्कर थ्रेड म्हणतात.

आता प्रश्न उरतो, खिडकीवरचा कागद आत न्यायचा कसा. एक रीत झेरॉक्सची. निरोप पाठवला की सगळ्या मजकुराची नक्कल होते आणि नक्कल आत जाते. सुरक्षित, पण फोटो मोठा असला की नक्कल काढण्यातच वेळ जातो. दुसरी रीत, मूळ कागदच आत देऊन टाकायचा. वेळ लागत नाही, पण मग खिडकीवाल्याचा हात रिकामा, त्याला तो कागद परत बघता येत नाही. तिसरी रीत म्हणजे मधल्या भिंतीत भगदाड पाडून तिथे एकच फळा लावायचा. बाहेरच्यानं लिहायचं, आतल्यानं वाचायचं. कागद इकडून तिकडे जातच नाही. याला शेअर्ड मेमरी म्हणतात.

संस्थेपुढे डेमो होता. डॉक्टर मॅडमना फोटो लवकर दिसायला हवा होता, आणि आमची कंपनी चालवणाऱ्या पंकज सरांना तो डेमोत बटण दाबताच दिसायला हवा होता. मी तिसरी रीत निवडली.

फळ्याचा एक धोका सगळी पुस्तकं सांगतात. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर अक्षरांवर अक्षरं चढतात. त्यासाठी पाळ्या लावाव्या लागतात. एक लिहितोय तोवर दुसऱ्यानं थांबायचं. ते मी फार काळजीनं केलं. तीन आठवडे तेच करत होते. एकाही बाईचा फोटो दुसरीच्या नावावर गेला नाही. याचा मला अभिमान होता.

पण फळ्याची आणखी एक अट असते. त्यावर नाव असं लिहिता येत नाही. तिथे फक्त आकडे राहतात, ठरलेल्या खान्यांत. एका खान्याला बाइट म्हणतात. म्हणजे आधीच ठरवावं लागतं, की नावाला इतके खाने, गावाच्या कोडला इतके, मोबाइलला इतके, आणि त्यापुढे फोटो. मी नावाला चाळीस खाने दिले. का चाळीस? चाळीस अक्षरांचं नाव कुणाचं असतं, असा विचार केला. पाच नावं टाकून तपासलं. सगळी ऑफिसातल्या लोकांची, सगळी इंग्रजीत टाइप केलेली.

इंग्रजी अक्षराला एक खाना लागतो. मराठी अक्षराला तीन. आणि मराठीत काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, प्रत्येकीला पुन्हा तीन. 'शेख' हे नाव तुम्हाला-मला दोन अक्षरांचं दिसतं. मशीनला ते नऊ खान्यांचं आहे.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण मार्क मिळाले असते.

बाजींचा फोन ठेवल्यावर मी त्या दिवसाचा लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. त्यात अठरा नंबरच्या वेळेला एक ओळ होती. शेख शबाना शेख र. नोंद आधीच आहे. वगळली.

मी वहीचं पान घेतलं आणि चौकोन काढून मोजलं. शेख, नऊ. मोकळी जागा, एक. शबाना, पंधरा. मोकळी जागा, एक. शेख, नऊ. मोकळी जागा, एक. झाले छत्तीस. उरले चार. त्यात 'र' मावला. एक खाना उरला, त्यात ना 'ही' मावत ना 'शी'. रहीमचाही र, रशीदचाही र. गाव तेच, मोबाइल तोच.

दुबार नोंद वगळायची सोय आम्ही मुद्दाम ठेवली होती. बार्शीटाकळीच्या पुढच्या गावांत रेंज जाते, फोटो अर्ध्यात अडकतो, मग गाडीवाले तोच फोटो पुन्हा पाठवतात. म्हणून नियम होता, की नाव, गाव आणि मोबाइल तिन्ही सारखं असेल तर पहिली नोंद ठेवायची, दुसरी टाकून द्यायची. रजिस्टरचा नंबर का नाही वापरला? तो रोज एकपासून सुरू होतो म्हणून. त्याला तारीख जोडली असती तर भागलं असतं. नाही जोडली.

छोटी शबानाचा फोटो आला, आतल्या खोलीत साफ झाला, आणि तिथेच टाकून दिला गेला. डॉक्टर मॅडमनी तो कधी पाहिलाच नाही. आणि घरातल्या मोबाइलवर मेसेज गेला, 'शेख शबाना शेख र, आपला अहवाल नॉर्मल आहे.'

तो मेसेज दोघींनी आपला मानला. का नाही मानणार? दोघींचंही नाव त्यात तेवढंच होतं.

ज्या आज्ञेनं मी नाव फळ्यावर लिहीत होते, ती आज्ञा काम झाल्यावर एक उत्तर देते. किती अक्षरं घेतली, किती खाने भरले. नाव अर्धं राहिलं तर तेही त्या उत्तरात असतं. ती प्रत्येक वेळी सांगत होती. मी उत्तर बघतच नव्हते.

आणि माणसानंही सांगितलं होतं. जुन्या तक्रारींची यादी चाळली तर शिबिरं सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यातली बाजींची तक्रार निघाली. 'मेसेजमध्ये नाव तुटून येते. बाया हसतात.' त्यावर शेरा होता, 'दिसण्यापुरतं. नंतर बघू.' शेऱ्याखाली नाव माझं.

मी बाजींना फोन केला. गाडीवरच्या लॅपटॉपमध्ये मूळ फोटो राहतात. त्यांनी गाडीवाल्याला गाठून अठरा नंबरचा फोटो दुपारपर्यंत डॉक्टर मॅडमकडे पोचवला. मॅडमचा फोन चार वाजता आला. चार महिन्यांपूर्वीच्या त्या फोटोत गाठ होती. लहान होती, पण होती. "मला हा तेव्हा का नाही दिसला?" त्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. त्यांनी अठरा नंबरचं पूर्ण नाव लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्याच्या उद्या पाठवा तिला."

मग मी पंकज सरांच्या केबिनमध्ये गेले. सर वाईट माणूस नाहीत. हे आधीच सांगते, कारण पुढचं संभाषण वाचून तसं वाटेल.

"किती जणींचं झालं?" त्यांनी विचारलं.

"नावं पुष्कळ जणींची तुटलीत. नोंद गळाली अशा तिघी. त्यातल्या दोघींचे फोटो मॅडमनी आत्ता पाहिले, साफ आहेत."

"म्हणजे एक."

"एक."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "संस्थेला मेल टाक. एकाच मोबाइल नंबरवर दोन नोंदी केल्या गेल्या, त्यामुळे डेटा डुप्लिकेट झाला. एवढंच."

"म्हणजे चूक नजमा बाजींची."

"मी नाव घेतलं का कोणाचं?"

"नंबर कोण टाकतं, सर? बाजीच टाकतात. आणि घरात मोबाइल एकच असेल तर दुसरा कुठून आणतील?"

"प्रणाली, एज केस आहे हा. एका घरात, एका नावाच्या दोन बाया, नवऱ्यांचं पहिलं अक्षर एक. कोणाच्या बापाले सुचलं असतं?"

एज केस म्हणजे कडेची गोष्ट. क्वचित घडणारी, मुख्य वाटेवर नसलेली. आमच्या धंद्यात हा शब्द दिवसातून दहादा ऐकू येतो. त्या दिवशी तो मला सहन झाला नाही.

"कडेला कोण आहे, सर? वऱ्हाडात शेख आडनाव कडेला आहे? बार्शीटाकळीत 'शेख अमुक शेख तमुक' असं नाव गल्लोगल्ली आहे. त्या नावात माणूस वेगळा ओळखू येतो तो शेवटच्या शब्दानं. आपण नेमका शेवट कापला. आणि देशमुख पुष्पाबाई ज्ञानेश्वर पण कापली गेली आहे. कडेला कोणी नव्हतं. आपण मधे बसून रेघ मारली आणि पलीकडच्यांना कड म्हटलं."

"भाषण देऊ नको."

"मग मेल मी लिहिते. जे झालं ते."

"अकरा लोकं आहेत या ऑफिसात. काम गेलं तर त्यांच्या घरी तू सांगायला जाशील?"

"आधी बार्शीटाकळीला सांगून येते."

मेल मी तिथेच बसून लिहिला. सहा ओळी. नावाला जागा कमी ठेवली, ती मी ठेवली. नाव तुटलं. तुटलेल्या नावावरून दुबार ठरवलं. फोटो गळाला. तक्रार आधी आली होती, ती मी बाजूला ठेवली. शिबिरातल्या कुणाचीही चूक नाही. सरांनी वाचला आणि म्हणाले, "पाठव. पण माझ्या सहीनं नाही." मी माझ्या नावानं पाठवला.

दुसऱ्या दिवशी छोटी शबानाची अकोल्यात तपासणी झाली, सुईनं तुकडा काढला. रिपोर्ट यायला आठवडा लागला. तो आला त्या सकाळी मी अमरावतीहून निघाले. मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये उभी होते. अकोल्यात बाजी भेटल्या, तिथून त्यांच्याबरोबर बार्शीटाकळी.

रशीदभाई अंगणात फवारणीचे पंप दुरुस्त करत बसले होते. आजूबाजूला नळ्या, वायसर, उघडे पडलेले पंप. छोटी शबाना ओट्यावर बसली होती, चाळिशीतली बाई, बारीक अंगाची. मोठी आत चहा ठेवत होती. रिपोर्ट कर्करोगाचा होता आणि तो बाजींनी सकाळीच घरी फोनवर सांगितला होता. मी सांगायला आले होते ते वेगळं.

"तुमचा फोटो हरवला नव्हता," मी म्हटलं. "तो आमच्याकडे आला होता. आम्ही फेकला."

छोटी शबानाशेजारी ओट्यावर बसले. मी वही काढली, चौकोन काढले, एकेक अक्षर भरत गेले. तिनं मान पुढे करून पाहिलं.

"म्हंजे मी 'र' पावतर होती?"

"हो."

"अन् मंग?"

"मग जागा संपली."

"जागा काहून संपली? जागा तं तुमीच केली होती नं?"

"मीच केली होती."

तिनं 'र'च्या चौकोनावर बोट ठेवलं. मग थोडी हसली. "माही सासू म्हने, एका घरात दोन शबाना करू नका. हाक मारली का दोघी येतीन, नाही तं एकही येनार नाही. ते तुमच्या मशीनले कोनं सांगतलं?"

मोठी शबाना चहा घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही. "मेसेज माह्यावाला होता," ती म्हणाली. "म्याच तिले वाचून दाखवला. म्हटलं, पाय बाई, दोघींचंबी साफ आलं. तिले तवाच दुखत होतं. छोटी म्हने पुन्हा दाखवू काय. म्या म्हटलं, कायले? आला नं मेसेज."

"भाभी, तुमची काही चूक नाही यात," मी म्हटलं.

"ते तुमी म्हनता."

रशीदभाई ऐकता ऐकता नोझल पुसत होते. हातातला पंप खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, नोझल बारीक असलं तं दवाई पुरी येत नाही. पान तसंच राहते. मी गिऱ्हाइकाले पयलेच सांगतो, का भाऊ, याच्यातून इतकंच येईन. तुमच्याकडं असं सांगत नाही काय कोनी?"

मी म्हटलं, सांगतात. यंत्र सांगत होतं. बाजींनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

बाजी मधे पडल्या. "बस झालं रशीदभाई. पोरगी इतक्या दूर आली सांगाले. बाकीचे तं फोनबी उचलत नाहीत."

"आली ते चांगलं केलं," ते म्हणाले. "पन आल्यानं काय होते?"

मी वही मिटली. चहा प्यायले. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. आता नाव फळ्यावर लिहीतच नाही. फळ्यावर फक्त फोटो आणि एक क्रमांक असतो, शिबिराची तारीख आणि रजिस्टरचा नंबर जोडून केलेला. नाव, गाव, मोबाइल हे साध्या निरोपातून, झेरॉक्सच्या रीतीनं जातं. नाव म्हणजे चार शब्द. त्यांची नक्कल करायला वेळ लागत नाही, कधीच लागत नव्हता. घाई फोटोची होती, मी नावही त्याच घाईत ढकललं होतं. दुबार वाटणारी नोंद आता फेकली जात नाही, बाजूला राहते, आणि माणूस बघून ठरवतो. तपासणीला ऑफिसातली पाच नावं नसतात. बाजींच्या जुन्या रजिस्टरची चार पानं असतात. सगळं मिळून दीड दिवसाचं काम झालं.

संस्थेनं मेलचं उत्तर तीन ओळींत दिलं, कळवल्याबद्दल आभार मानले, आणि पुढच्या वर्षी काम दुसऱ्या कंपनीला दिलं. त्या कंपनीनं नावाला किती जागा ठेवली आहे ते मी पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं नाही. बाजींना विचारायला सांगितलं, त्यांनाही आलं नाही. पंकज सरांनी मला कामावरून काढलं नाही. ग्राहकांच्या मीटिंगला मात्र आता दुसऱ्याला नेतात.

छोटी शबानाचं ऑपरेशन झालं. नंतरची औषधं अकोल्यातच चालली. गाठ काखेपर्यंत पोचलेली निघाली होती. दर खेपेला मोठी शबाना बरोबर जायची. केस गेले, भूक गेली, मग सहा महिने बरे गेले. त्यानंतर आजार हाडात उतरला. पुढच्या वर्षी ती वारली. बाजींनी फोनवर पूर्ण नाव घेऊन सांगितलं. शेख शबाना शेख रशीद.

डॉक्टर मॅडमना मी विचारलं होतं, चार महिने आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कोणालाच येणार नाही." ऑफिसात कुणी तरी याचा अर्थ आपली सुटका असा काढला. मला तसा काढता येत नाही. तिचे चार महिने आम्ही घेतले. त्यांचं काय झालं असतं हे आता कुणालाच कळणार नाही, आणि हेही आमच्यामुळेच.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. दोन थ्रेडमध्ये काहीही पाठवा, कोणत्याही रीतीनं पाठवा. पलीकडे किती पोचलं ते मोजा. कमी पोचलं तर प्रोग्राम तिथेच थांबवा आणि बोंब मारू द्या. थांबलेल्या प्रोग्रामबद्दल फार तर तुमचा साहेब ओरडेल.